टपावरचा मुराळी

केंदूरच्या बबनरावांना सारं गाव आप्पा म्हणतं, पण भावकीतल्या लेकींच्या सासरी ते मुराळी म्हणूनच ओळखले जातात. सणावाराला सासुरवाशिणीला माहेरी आणायला जो जातो तो मुराळी. खरं तर हे काम पाठच्या भावाचं. पण हल्लीचे भाऊ कुठं मोकळे असतात? कुणी सणसवाडीला कंपनीत, त्याची शिफ्ट सुटत नाही. कुणी पुण्याला, त्याला साहेब सोडत नाही. आणि ज्याला सुट्टी मिळते त्याला बायकोच्या माहेरी जायचं असतं. मग फोन यायचा आप्पांना. "आप्पा, तेवढं आमच्या ताईला घेऊन येता का?" की आप्पा हातातलं खुरपं सरीतच टाकून अंघोळीला पळायचे.

त्यांना स्वतःला बहीण नव्हती. नागपंचमीला घरोघरी लेकी यायच्या, लिंबाला झोके चढायचे, आणि यांच्या घरात आई आणि दोन भाऊ एकमेकांची तोंडं बघत बसायचे. त्याचं उट्टं त्यांनी पुढं जन्मभर काढलं. बैलगाडीतून लेकी आणल्या, एसटीतून आणल्या, जीप भरली तर लेकीला आत बसवून स्वतः मागं लोंबकळत आले. कुठल्या विहिणीला आधी तिच्या गुडघ्यांचं विचारायचं, कुठल्या घरी साखर कारखान्याचं राजकारण काढायचं नाही, कुठला चहा तोंड वाकडं न करता प्यायचा, हे सगळं त्यांना पाठ. "रिकाम्या हातानं म्या कवाच माघारी आलो न्हाई," असं ते दर पंचमीला एकदा तरी म्हणत. आणि त्यांची मंडळी सिंधूबाई चुलीपुढून म्हणत, "व्हय. आन् बाजारातनं मीठ आणायला सांगितलं की तेवढं रिकाम्या हातानं येता."

शेतातल्या झेंडूचे दिवस बरे गेले तेव्हा आप्पांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. कशासाठी, तर लेकी आणायला. चालवायला शिकले तोवर मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. पुढं जायला ते पटकन शिकले. मागं घेणं काही जमलं नाही. गाडी मागं घ्यायची म्हटली की त्यांच्या कपाळाला घाम फुटे, मान इकडं वळे, चाक तिकडं वळे. एकदा वेशीत मागं घेताना त्यांनी दुधाच्या डेअरीचा कट्टा पाडला, तेव्हापासून पोरंसोरं त्यांना बघून "येऊ द्या, येऊ द्या" असं ओरडत. आप्पा हसल्यासारखं करत. पण त्या दिवसापासून चार माणसांत गाडी मागं घ्यायची वेळच येऊ नये अशा बेतानं ते वाट धरत.

तर त्या साली पंचमीला स्नेहलला आणायचं होतं. स्नेहल म्हणजे आप्पांच्या थोरल्या भावाची, हौसरावांची लेक. तिचे आईबाप दोघंही ती लहान असतानाच गेले. आप्पा-सिंधूबाईंना पोटचं लेकरू नाही, तेव्हा तीच त्यांची लेक. कन्यादान यांनीच केलं. दिली केडगावच्या मळ्यात, घर चांगलं, नवरा सुमित शेतात राबणारा. सासू सारजाबाई तेवढ्या जरा कडक. स्नेहलला एक लेक, धनश्री, नुकती बालवाडीत घातलेली, तोंडाचा पट्टा चालू.

सारजाबाईंनी रीतीप्रमाणं सुनेची ओटी भरली. आप्पांना म्हणाल्या, "इवाई, पाण्यापावसाचं दिस हाइत. बेतानं जावा."

"माझ्या हातात लेक म्हंजी काय फुलाची पाटी हाय इहीणबाई," आप्पा म्हणाले. "जराबी हलू द्यायचो न्हाई."

शिक्रापूरच्या चौकात गाड्या तासन्‌तास उभ्या असतात. तिथं अडकलं की पुढं सरका, मागं सरका. त्यातलं दुसरं आप्पांना नको होतं. म्हणून त्यांनी आतली वाट धरली. उसातून जाणारी, अरुंद, मध्ये एक ओढा. ओढ्यावर पूल नाही, फरशी आहे. फरशी म्हणजे ओढ्याच्या पात्रातच सिमेंट ओतून केलेली वाट, दोन्ही अंगाला गुडघ्याएवढे दगड. एरवी फरशीखालच्या नळ्यांतून पाणी जातं. ओढा फुगला की ते फरशीवरून जातं.

आणि त्या दिवशी ते फरशीवरून जात होतं. इथं नुसती भुरभुर होती, पण वर कुठंतरी धो धो झाला असणार. पाणी चहाच्या रंगाचं, त्यात उसाचं पाचट आणि फेस. कडेचे दगड बुडालेले. अलीकडं दोन-चार मोटारसायकली आणि एक ट्रॅक्टर उभा. ट्रॅक्टरवरचा गडी तिथल्याच गावचा, बिरदेव नावाचा. आप्पांची गाडी त्या सगळ्यांना वळसा घालून पुढं तोंडाशी गेली, तसा तो ओरडला,

"ओ मामा! थांबा की जरा. उतरंल तासाभरात."

आप्पांनी काच खाली घेऊन मुंडी बाहेर काढली. "आरं, ह्या वढ्यातनं म्या बैलगाड्या काढल्यात!"

"बैल शाणा असतोय मामा," बिरदेव म्हणाला. "त्यो आपल्या मनानं अडतो."

मोटारसायकलवाले हसले. एवढंसंच हसू, पण आप्पांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मागच्या सीटवर धनश्रीला मांडीवर घेऊन बसलेली स्नेहल म्हणाली, "आप्पा, माघारी जाऊ. उद्या निघू की."

"ओटी भरून निघाल्यावर माघारी फिरत्यात का बाळे? आपल्या भावकीत अजून कुणी फिरलं न्हाई."

"मग हितंच थांबू."

हे बोलणं शहाणपणाचं होतं आणि आप्पांना ते कळतही होतं. पण थांबायचं तर गाडी वाटेतून बाजूला घ्यायला हवी होती. पाठीमागं दुधाचा टेम्पो येऊन हॉर्न वाजवायला लागला होता. मोटारसायकलवाला एक जण खाली उतरून हातानं खुणा करत होता, "घ्या मामा, मागं घ्या, येऊ द्या, येऊ द्या." त्या बिचाऱ्याला केंदूरचा कट्टा काय ठाऊक! तो मदतीला आला होता. आप्पांनी आरशात बघितलं, तो एवढीशी वाट, दोन्हीकडं चारी, आणि सगळी माणसं आपल्याकडं बघतायत.

"फरशी दिसती की मला," आप्पा म्हणाले. फरशी दिसत नव्हती. त्यांनी गाडी पाण्यात घातली.

बैलगाडीची चाकं उंच, आऱ्यांच्या मधून पाणी निघून जातं. मोटारीचं तसं नाही. मोटार म्हणजे झाकण लावलेला डबा. फरशीच्या मध्यावर इंजिनानं एक उचकी दिली आणि बंद पडलं. मग मागची चाकं हलकी झाली. डबा जसा तरंगतो तशी गाडी शेपटीकडून वळली, कडेला घसरली आणि एका बुडालेल्या दगडाला अडून तिरपी राहिली. त्या दगडानंच ते वाचले म्हणायचे. पायांशी गार पाणी आलं, मग पोटऱ्यांशी. स्नेहल दार ढकलत होती. बाहेरून पाणी दाबत होतं, दार हलेना. काच खाली घ्यायचं बटण दाबलं, बटण मेलेलं. एकच खिडकी उघडी होती. आप्पांची. बिरदेवाला ऐट दाखवायला मघाशी काच खाली घेतली होती ती.

पुढचं सगळं चार श्वासांत झालं, पण आप्पांना ते सावकाश आठवतं, बारीकसारीक आठवतं. पाणी मांडीला लागलं आणि त्यांच्या डोक्यातून सगळं निघून गेलं. सण, भावकी, लेक, नात, काही राहिलं नाही. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, खांदे काढले. पाठीमागून कुणीतरी सदरा धरला. धरला आणि म्हणालं, "आप्पा!" आणि आप्पांनी खांदा असा झटकला की जसा गोमाशी बसल्यावर बैल झटकतो. खिसा फाटल्याचा आवाजसुद्धा त्यांनी ऐकला. मग ते टपावर होते, गुडघ्यांवर, दोन्ही हातांनी पत्रा धरून.

खालून आवाज आला, "आप्पा, धनूला धरा!"

खिडकीतून दोन छोटे हात वर आलेले होते. ते बघितल्यावर आप्पा पुन्हा माणसात आले. त्यांनी पोरीला वर ओढलं, पोटाशी धरलं. पुढच्या सीटवरून रांगत स्नेहल आली, तिला दंडाला धरून ओढली. बिरदेवानं ट्रॅक्टरला दोरखंड बांधून तोवर तो त्यांच्याकडं भिरकावला होता, आणि स्वतः कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला होता. त्यानं एकेकाला काठाला नेलं. सगळ्यांत शेवटी आप्पा. ते काठावर पाय ठेवतात न ठेवतात तोच गाडी दगडावरून सुटली आणि वळणामागं दिसेनाशी झाली.

बिरदेव धापा टाकत खाली बसला. त्याच्या अंगावर काटा होता. आप्पांना म्हणाला, "मामा, वाईट वाटून घेऊ नका. गाडी तुमची, ती कुटंबी घाला. पर पोरगी कुणाची व्हती?"



इथवर घडलं ते वाईटच. पण खरं वाईट पुढं सुरू झालं. काठावरच्या कुणीतरी मोबाइलवर हे सगळं काढलं होतं. मात्र त्याला मोबाइल खिशातून काढायला वेळ लागला, त्यामुळं त्यात सुरुवातच अशी होती की टपावर पांढऱ्या मिशांचा म्हातारा गुडघे टेकून बसलाय आणि बुडत्या गाडीतून एका लेकराला वर ओढतोय. ते संध्याकाळपर्यंत केंदूरच्या मोबाइल-मोबाइलवर पोचलं. कुणी खाली लिहिलं, "काळजाला हात घालणारं." कुणी हात जोडले. लोक घरी यायला लागले. "आप्पा, ह्या वयात टपावर चढला! आधी स्वतः बाहेर पडून जागा केली म्हणून पोरी निघाल्या. डोकं लागतं ह्याला."

आप्पा म्हणाले, "तसं न्हाई गड्यांनो..."

"बघा, मोठेपणा बी न्हाई!"

सिंधूबाईंनी तर ही गोष्ट पाण्याच्या टाकीपाशी, दळणाच्या गिरणीत, सोसायटीच्या ओट्यावर इतक्यांदा सांगितली की तिला पैलू पडले. आप्पांनी दातांनी दोर धरला होता, हे तिसऱ्या दिवशी त्यात आलं. फाटका सदरा त्यांनी शिवला आणि म्हणाल्या, "पाण्याची ताकद बघा. खिसा वढून न्हेला."

त्यांनी तो सदरा खुंटीला लावला. आप्पांनी तो परत कधी घातला नाही.

स्नेहल पंचमीला चार दिवस राहिली. कुणी विचारलं की मान हलवायची, हसायची. तिनं काही सांगितलं नाही, आणि आप्पांनी तिच्या डोळ्यांत बघितलं नाही. एकाच घरात, एकाच ताटाजवळ बसून दोन माणसांनी चार दिवस एकमेकांकडं न बघणं हे मोठं कसबाचं काम आहे. पाणी मागायचं तर आप्पा धनश्रीला म्हणायचे, "जा गं, आईला म्हणावं तांब्या दे."

आणि धनश्री! तिला भीती राहील, ती आपल्याला बघून रडेल, असं आप्पांना वाटलं होतं. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं त्याचा खेळ केला. पाटाची गाडी करायची, त्यावर उशी ठेवायची, उशीवर बाहुला. "आप्पाआजा वर! आमी खाली! मग आमी पन वर!" येणारी-जाणारी बाई पोट धरून हसायची, म्हणायची, "पुना सांग गं." ती पुन्हा सांगायची. आधी आप्पाआजा वर. अख्ख्या गावात त्या एका लेकरानं जे जसं घडलं तसं सांगितलं, आणि ते कुणाला ऐकू आलं नाही.

पंधरा ऑगस्टला तरुण मंडळानं सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा. आप्पांच्या पोटात सकाळपासून कळा यायला लागल्या. सिंधूबाईंनी ओवा दिला, हिंग लावला. आप्पा गोधडीत तोंड घालून पडून राहिले. शेवटी मंडळाची पोरं शाल घरी घेऊन आली आणि गोधडीवरूनच घालून गेली.

असा श्रावण गेला, गणपती गेले, दसऱ्याचा झेंडू आला आणि संपला. दिवाळी तोंडावर आली. भाऊबिजेला लेक आणायची तर आधी सासरी विचारायचं असतं. सिंधूबाईंनी फोन लावला. सारजाबाई म्हणाल्या, "लेकीला न्या, माझं न्हाई म्हणणं न्हाई. पर मुराळी दुसरा धाडा."

सिंधूबाईंच्या हातातली कढई तशीच राहिली. "दुसरा? ज्यानं तुमच्या नातीचा जीव वाचिवला त्यो नगं?"

"आधी जीव पाण्यात कुणी घातला ते इचारा," सारजाबाई म्हणाल्या. "त्या ट्रॅक्टरवाल्याची बहीण आमच्या शेजारी दिलीया. सगळी माणसं नगं नगं म्हणत व्हती. तरी घातली."

आप्पांना खरं तर बरंच वाटलं. चला, निदान एक माणूस तरी आपल्यावर चिडलंय. ते म्हणाले, "राहू दे. दुसरं कुणी जाईल."

"दुसरं कुणी का म्हणून?" सिंधूबाई म्हणाल्या. "लुगडं बदलती. चला."

गाडी तर राहिलीच नव्हती. एसटीनं, मग दुसऱ्या एसटीनं, दोघं केडगावला गेली. वाटभर सिंधूबाई मनात भांडणाची उजळणी करत होत्या, ओठ हलत होते. आप्पांना वाटत होतं, वाटेत टायर फुटावं. टायर फुटलं नाही.

सारजाबाईंनी चटई टाकली, पाणी दिलं. सुमित ओट्यावर टेकला. स्नेहलनं चहा आणला. सिंधूबाईंनी चहाला हात लावला नाही.

"इहीणबाई, माणसाची चूक हुती. पाण्याचा अंदाज चुकतो, कुणाचाबी चुकतो. पर वेळ आली तवा ह्येंनी जिवाची पर्वा केली न्हाई. सारा तालुका बघतोय. आन् तुमी त्यांना दारात नगं म्हणता?"

"म्या बघितलंय ते मोबाइलात," सारजाबाई म्हणाल्या. "मोबाइलात दिसतं तेवढंच दिसतं."

"मग हिला इचारा की! ही तर आत हुती." सिंधूबाई स्नेहलकडं वळल्या. "सांग गं बाय तूच. आप्पांनी तुला वाचिवलं का न्हाई? सांग तुज्या सासूला."

स्नेहलच्या हातात रिकामा ट्रे होता. तिनं तो पोटाशी धरला. आप्पा जमिनीकडं बघत होते. त्यांना ठाऊक होतं की पोरगी 'व्हय' म्हणेल. ती त्यांच्या घरात वाढली होती. त्यांचं मीठ, त्यांचा मान, सगळं तिच्यावर होतं. ती व्हय म्हणेल, सारजाबाई गप्प बसतील, आणि आपण दिवाळीला हिला घेऊन जाऊ. हे सगळं त्यांना स्पष्ट दिसलं, आणि त्यांचा जीव थोडासा, अगदी थोडासा, भांड्यातही पडला. त्या सुटकेचीच पुढं त्यांना सगळ्यांत जास्त लाज वाटली.

"न्हाई काकी," स्नेहल म्हणाली. "आधी आप्पा बाहेर पडले. मग मी धनूला वर दिली."

"तेच म्हणती मी! आधी बाहेर पडून..."

"जागा करायला न्हाई पडले. भिऊन पडले."

गोठ्यात म्हशीनं पाण्यात तोंड घातलं त्याचा आवाज आला. स्नेहल पुढं बोलेल म्हणून आप्पा थांबले. तिनं तेवढ्यावर सोडलं. पण अर्धं सांगून पोरीनं जे झाकलं होतं, तेही आता आपण तिच्याच अंगावर ठेवायचं, हे आप्पांना जमेना.

"हिनं माझा सदरा धरला व्हता," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "म्या झटकला. खिसा त्याच्यात फाटला. पाण्यानं न्हाई."

सिंधूबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. खुंटीवरच्या सदऱ्यावरचे त्यांचे टाके बारीक होते, एकसारखे, मन लावून घातलेले.

सारजाबाई बराच वेळ आपल्या बांगड्या मागंपुढं करत राहिल्या. त्यांना मनातून जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तोंडावर तसं काही नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "चा निवला. दुसरा कर गं." आणि मग आप्पांना, न बघता, "लेक येईल भाऊबिजेला. सुमित आणून सोडंल. एसटीनं."

"बरं," आप्पा म्हणाले.

निघताना स्नेहल फाटकापर्यंत आली. धनश्री तिच्या पदराला लोंबकळत होती. सिंधूबाई पुढं निघून गेल्या होत्या, पाठीमागं न बघता.

"राग आला आप्पा?"

"कुणाचा?"

"माझा. सगळ्यांदेखत बोलले."

"न्हाई बाळे."

"मला बोलायचंच होतं," स्नेहल म्हणाली. "पंचमीपासनं जो भेटंल तो म्हणतो, नशीबवान गं तू, असा चुलता. मी हसते. मोबाइलात ते परत परत दाखवत्यात, परत हसते. आन् रात्री झोप लागली की माझ्या हातात तुमचा सदरा असतो." तिचे डोळे कोरडे होते. "तुमी भ्यालात त्याचं मला काय न्हाई. मी बी भ्याले. पर तुमी चार दिवस घरात होता, मला एकदा तरी इचारायचं."

आप्पांनी इतके महिने आपली लाज आपल्यापाशी जपली होती, तिला ऊन-वारा लागू दिला नव्हता. आपल्याशिवाय दुसरं कुणी ती उचलतंय हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी हात पुढं केला, लेकीच्या डोक्यावर ठेवायला, आणि अर्ध्यावरून मागं घेतला. मग धनश्रीच्या डोक्यावर ठेवला. मग तोही काढला.

"येतो," म्हणाले.

एसटीत जागा मिळाली. दोघं शेजारी बसली, आप्पा खिडकीपाशी. सिंधूबाई समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत होत्या. पारगाव आलं, नदी आली, पुलाखाली पाणी पार आटून कडेला गेलं होतं. आप्पा बोलायला बघत होते, पण कुठून धरावं ते कळत नव्हतं. पाण्याच्या टाकीपाशी, गिरणीत, सोसायटीच्या ओट्यावर आता ह्या बाईनं काय सांगायचं? दातांनी धरलेला दोर आता कसा सोडवायचा? ते सगळं तिच्या वाट्याला आणून ठेवलं होतं त्यांनी.

न्हावरा मागं पडलं तेव्हा सिंधूबाई बोलल्या. मान न वळवता.

"मागच्या सीटवर मी असते तर?"

आप्पांनी विचार केला. खरोखर केला. ती लग्न होऊन आली तेव्हापासूनचं सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि त्यातलं काही कामाला आलं नाही. पाणी मांडीला लागलं तेव्हा त्यातलं काही शिल्लक नव्हतं.

"ठाऊक न्हाई," ते म्हणाले.

सिंधूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. एसटी खड्ड्यांतून आदळत चालली होती, कंडक्टर कुणाशी तरी सुट्ट्यावरून भांडत होता. मग त्यांनी मांडीवरची पिशवी उचलून आप्पांच्या मांडीवर ठेवली आणि उठून उभ्या राहिल्या.

"सरका हिकडं," म्हणाल्या. "खिडकीपाशी मी बसती."

आप्पा मुकाट्यानं सरकले.